जिराफाचे खूर

१

साल होतं दोन हजार सोळा. फेब्रुवारी सरत आला होता आणि धाकट्या डहाणूच्या खाडीकाठी बांबूंवर टांगलेले बोंबील कडकडीत सुकू लागले होते. अशा एका सकाळी देवकीबाईंच्या ओट्यापाशी जीप थांबली. आतून कल्पिता उतरली. हातात तांबडी फाइल आणि डोळे रडून सुजलेले.

देवकीबाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून तलासरीचा पाडा न् पाडा पायांखाली घातला होता. कुठल्या सेविकेनं मुलांची वजनं खरी घेतली आणि कुणी घरी बसून वही भरली, हे त्या नुसत्या शाईवरून सांगत. घरी भरलेल्या वहीत शाई एका रंगाची असते आणि पानावर मुलांच्या हातांचे डाग नसतात, एवढंच त्यांचं शास्त्र. पण त्यात त्या कधी चुकल्या नव्हत्या.

"मावशी, झरीचं केंद्र बंद होणार," कल्पिता ओट्यावर बसत म्हणाली. "आणि तिथल्या सेविकेला, जयश्रीला काढणार. खोटारडी ठरवून."

कल्पिता 'उमलती पावलं' या संस्थेचं डहाणूचं कार्यालय सांभाळायची. झरीची जुनी अंगणवाडी आता बालवाडी म्हणून हीच संस्था चालवी. संस्थेचं काम चार देशांत चाले आणि त्यामागे समुद्रापलीकडच्या एका थंड देशाचं सरकार होतं. दर तीन महिन्यांनी झरीच्या मुलांची उंची आणि वजनं तिकडे जात आणि तिकडून अभिप्राय येई. आजवर तो दोन गोड ओळींचा असे. या वेळी मात्र अख्खं पान आलं होतं.

देवकीबाईंनी चष्मा लावून मराठी तर्जुमा वाचला. 'झरी केंद्रातील अडतीस मुले ऑक्टोबर ते जानेवारी या तीन महिन्यांत प्रत्येकी आठ ते नऊ सेंटिमीटर वाढल्याची नोंद आहे. या वयात एवढ्या काळात सुमारे दोन सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. जगात कुठेही मुले अशी वाढत नाहीत. मूळ नोंदवही पंधरा मार्चपर्यंत पाठवावी. समाधान न झाल्यास एक एप्रिलपासून केंद्र बंद करून सेविकेस कमी करावे.'

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. तिकडे म्हणे खिडकीबाहेर बर्फ असतो. त्या बर्फात बसून कुणीतरी झरीच्या पोरांची चार बोटं उंची पकडली होती. भीती वाटण्याआधी त्यांना नवलच वाटलं.

"अगं, मग वही पाठव ना. खरं-खोटं कळेल."

"तीच तर गेली, मावशी. पत्र वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी पेटीतून वही गायब."

"म्हणजे झालंच. ज्यानं आकडे रचले त्यानं वही पळवली."

"मलाही असंच वाटलं होतं." कल्पिताचा आवाज खाली आला. "म्हणून मी परवा स्वतः पाच मुलं पुन्हा उभी करून मोजली. जानेवारीचे आकडे एकूण एक बरोबर आहेत. मावशी, मुलं खरंच तेवढी उंच आहेत."

२

जीप झरीकडे निघाली. वाटेत कल्पितानं संस्थेची छापील पुस्तिका काढली. एका फोटोत बालवाडीची भिंत होती आणि भिंतीवर लांब मानेचं पिवळं जनावर. मानेवर साठपासून पुढचे आकडे रंगवलेले. चार सरळ पाय आणि त्यांना काळेभोर, चकचकीत खूर.

"हे काय गं? घोडा की उंट?"

"जिराफ. लोखंडी पट्टी बघून मुलं रडायची, म्हणून पेंटर आणून भिंतीवर हाच काढून घेतला. उभी राहता येणारी मुलं त्याला पाठ लावून मोजतो. दोन वर्षांखालची बाळं लाकडी फळीवर निजवून."

"आणि वजन?"

"लोंबत्या काट्यावर. वजनाबद्दल त्यांची काही तक्रार नाही."

देवकीबाईंनी फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि पुस्तिका पिशवीत टाकली.

बालवाडी रघ्याच्या घराच्या पडवीत भरे. शेवटच्या फेरीला, पाच वर्षांपूर्वी, देवकीबाई इथे आल्या होत्या, तेव्हा उंच उंबरा ओलांडून आत उतरताना त्यांचा गुडघा कळवळला होता आणि जयश्रीनं हात धरून त्यांना आत घेतलं होतं. आज त्या सरळ चालत आत गेल्या.

"बघ," त्या कल्पिताला म्हणाल्या, "चिंचणीच्या वैद्याचं तेल. गुडघा कसा लोण्यासारखा चालतोय!"

आत पोरं खिचडी खात बसली होती. जमीन अशी गुळगुळीत की ताटल्या सरकवल्या तर भिंतीपर्यंत जाव्यात. सगळ्यांच्या गालांवर काजळाची तीट होती, चांगली बोराएवढी. भिंतीवर जिराफ उभा होता. चार पिवळे पाय भातासारखे जमिनीतून उगवलेले.

एक चार वर्षांची पोर घास तोंडात ठेवूनच जवळ आली. मदतनीस जानीबाईची नात, नवशी.

"तू कोन?"

"मी देवकी. तू किती मोठी झालीस गं?"

"लय," नवशी म्हणाली आणि जिराफाला पाठ लावून ताठ उभी राहिली. "आमी समदी लय वाढलो."

कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. किल्ली खुंटीलाच टांगलेली, कुणीही घ्यावी अशी. देवकीबाईंनी झाकण उघडलं. खेळणी, पाट्या, औषधाच्या बाटल्या. वहीची जागा रिकामी होती. अगदी रिकामी मात्र नव्हती. त्यांनी बोट टेकवून उचललं आणि उजेडात धरलं. बोटाला मोहरीचे चार दाणे आणि मिठाचा खडा चिकटला होता.

त्यांनी झाकण हलकेच लावलं. चोरानं वही नेली होती आणि तिच्या जागी पहारा ठेवला होता.

३

त्या दिवशी त्या एकेकाशी अंगणातल्या आंब्याखाली बसून बोलल्या.

पहिला उमेश. केंद्राकेंद्रांतून आकडे गोळा करून संगणकात भरणारा पोरगा. केस तेल लावून बसवलेले, मोबाइल हातात.

"मावशी, आपलं काम फक्त एन्ट्रीचं. ताई लिहितात तेच मी टाकतो. चेक करा."

"आणि आकडे चांगले आले तर तुझी नोकरी पक्की होणार होती, हेही खरं ना?"

तो गोरामोरा झाला. "होणार होती. म्हणून काय मी पोरांना खेचून लांब केलं? मोजून पाहा, तेवढीच भरतात! माझं तर डोकंच फिरलंय. ऑक्टोबरचे आकडे ताईंनी मुद्दाम कमी लिहिले असणार, पुढे वाढ दिसावी म्हणून. माझी तरी तीच थिअरी आहे."

"पत्र तू वाचून दाखवलंस?"

"हो. पाड्यावर. ही तिघं होती, रघूदादा, ताई आणि जानीआजी. म्हटलं, तिकडचं सरकार म्हणतंय तुमची पोरं जगात सगळ्यांपेक्षा जास्त वाढली. मग पुढचं सगळं वाचलं."

दुसरा रघ्या. अंगापिंडानं दणकट. बसायला सांगितलं तरी उभाच.

"पडवी मला पायजे," त्यानं आधीच सांगून टाकलं. "पोराचं लगीन हाय. जयश्रीबायला दिवाळीपास्नं सांगतोय. पन वही कशाला नेऊ? मला वाचता येत नाय न् वही पेटवून चूल किती वेळ चालंल?"

"पोरं एवढी वाढली, तुला खरं वाटतं?"

"छ्या! माझा नातू हाय त्यात. त्याची चड्डी दिवाळीची तीच, अजून गुडघ्याखाली लोंबते. वाढला असता तर वर नसती गेली?"

देवकीबाई हसल्या, पण ती चड्डी त्यांनी मनात घडी घालून ठेवली.

तिसरी जयश्री. बाविसाव्या वर्षी देवकीबाईंनीच तिला निवडलं होतं. आता कानांजवळ चार केस पांढरे झाले होते. ती आली आणि पदराचं टोक पिळत राहिली.

"मॅडम, मी खोटं लिहिलं नाही."

"मॅडम कसली, आता मावशी म्हण. ऑक्टोबरात कसं मोजलंस?"

"जिराफाला लावून. तीन दिवस लागले. काळी नावाची पोर रडत होती, धाकल्याला घेऊन त्याच्या घरचे भातकापणीला गेलेले. मग जानेवारीत मोजलं आणि आकडे फारच मोठे आले. वाटलं, आपलं चुकतंय. दोनदा मोजलं. तेवढंच. मग वाटलं... वाढली असतील. जानीबाय एवढ्या मायेनं रांधते. वाढली असतील."

"तुला पटलं ते?"

जयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही पटलं. पण मोजमाप तेच सांगत होतं, तर दुसरं काय लिहू? आता सगळे म्हणतात ऑक्टोबरचं खोटं होतं. वही असती तर दाखवता आलं असतं. बावीस वर्षांत कधी खोटं लिहिलं नाही, मावशी. आता या पोरांची खिचडी माझ्यामुळं बंद होणार."

तिला घरी पाठवून देवकीबाई आंब्याखाली एकट्याच बसल्या. तिघांपैकी कुणालाही मुलं वाढली असं वाटत नव्हतं. उमेशला नाही, रघ्याला नाही, जयश्रीलाही मनातून नाही. मग मीठ-मोहऱ्यांनी कुणाला राखायचं होतं? जी वाढ खोटी आहे, तिला नजर कोण कशाला लावेल?

पाड्यावर एकच माणूस असं होतं, की ज्याचा त्या वाढीवर पुरता विश्वास होता.

४

जानीबाई चुलीपुढे टोप घासत होती. सत्तरीची, काटकुळी, हात मात्र मोठे.

देवकीबाई तिच्यापाशी जमिनीवरच टेकल्या. "जानीबाय, सगळ्या पोरांना तीट कुणी लावली?"

"मीच. का?"

"आणि पेटीत मोहऱ्या?"

टोप घासणारा हात थांबला. जानीबाईनं पाहुणीकडे पाहिलं आणि मग अंगणात खेळणाऱ्या नवशीकडे.

"बाय, तुला ठावं नाय," ती हळू म्हणाली. "माझी दोन नातवंडं गेली. पयला दीड वर्साचा. बाजारात सगळी बोलली, काय गुटगुटीत पोर हाय. पंधरा दिवसांत गेला. दुसरीचं तसंच. मग ही नवसाची. हिचं कौतुक मी कुनापुढं करत नाय. आणि तो उमेश येतो, बोलतो, समुद्रापल्याडचं सरकार बोललं तुमची पोरं जगात लय वाढली. आख्ख्या सरकारची नजर, बाय! मग बोलला, वही त्यांना बघाया पायजे. म्या नाय दिली."

"पुढचं पत्र ऐकलं नाहीस?"

"कान मिटले म्या."

"वही जाळलीस?"

"जाळू?" जानीबाई चिडलीच. "पोरांची नावं हायत तिच्यात!"

ती उठली, घराच्या आतल्या अंधारात गेली, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेली वही बाहेर काढली. तुसानं माखलेली. वर काळा दोरा गुंडाळलेला.

देवकीबाईंनी गाठ सोडली. पहिलं पान उघडताच त्यांना कळलं, ही वही घरी बसून भरलेली नाही. तीन दिवसांच्या तीन शाया. एका ओळीवर डाळीचा अंगठा. एका नावापुढे 'रडली, उद्या' असं लिहून खोडलेलं. ऑक्टोबर खरा होता.

आणि कल्पितानं मोजलं होतं, म्हणजे जानेवारीही खरा होता.

ऑक्टोबर खरा, जानेवारी खरा, आणि मधली वाढ जगात कुठेच होत नाही अशी.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाचही जणांना पडवीत बोलावलं. वही पुढे ठेवली. ती कुठे सापडली हे त्या बोलल्या नाहीत. जयश्री वही छातीशी धरून रडली.

"आता ऐका," देवकीबाई म्हणाल्या. "रात्रभर मी ही वही वाचली. यात बावन्न पोरं आहेत. वाढली अडतीस. न वाढलेली चौदा कोण?"

उमेशनं वही ओढून बोट फिरवलं. "ही सगळी... लहान बाळं."

"फळीवर निजवून मोजलेली. त्यांची वाढ अगदी रीतीप्रमाणे. खोटं लिहिणारा बाळांना का सोडेल? आणि वजनं बघ. तीही रीतीप्रमाणे. पोर चार बोटं उंच झालं तर वजनात काही दिसायला नको? रघ्याच्या नातवाची चड्डी तर अजून गुडघ्याखालीच आहे. निजलेली पोरं वाढली नाहीत, लोंबत्या काट्यात बसलेली वाढली नाहीत, चड्डीतली वाढली नाहीत. वाढली ती फक्त इथे, या भिंतीपाशी उभी राहिलेली."

सगळे जिराफाकडे बघू लागले.

"पोरं वाढली नाहीत. मग काय वाढलं?"

देवकीबाई दाराशी गेल्या. "काल मी या उंबऱ्यावरून सहज आत आले आणि वैद्याच्या तेलाला श्रेय दिलं. घरी गेल्यावर माझ्याच ओट्यावर चढताना गुडघा बोंबलला. मग कळलं, तेलाचा काही संबंध नाही. हा उंबराच आतून बुटका झालाय. जानीबाय, कल्पिता म्हणाली, संस्थेचे पाहुणे आले होते ना डिसेंबरात?"

"आले होते. तीन जन. एक बाय सरकारातली."

"त्यांच्यासाठी तू काय केलंस?"

जानीबाईचा चेहरा उजळला. "जमीन केली! जुनी उखणलेली, वाळवी लागलेली. एवढ्या लांबून येनार, त्यांना तसल्या जमिनीवर बसवू? दिवाळीनंतर आम्ही साती बाया लागलो. वारुळाची माती, तूस, शेन. एक थर चोपला, सुकवला. दुसरा. मग तिसरा. बारा दिस. ती गोरी बाय दारात आली, जमीन बघितली न् बूट काढून बाहेर ठेवले. कुनी सांगितलं नव्हतं तिला."

देवकीबाईंनी पिशवीतून पुस्तिका काढली आणि फोटो भिंतीजवळ धरला.

"खूर कुठे गेले?"

फोटोत चार काळे खूर होते. भिंतीवर एकही नव्हता.

रघ्या आपणहून कोयता घेऊन आला. जिराफाच्या पुढच्या पायाशी, भिंतीला लागून, त्यानं हातभर जागा जपून उकरली. पहिला थर निघाला. दुसरा. तिसऱ्याखाली काहीतरी काळं चमकलं. नवशी मोठ्यांच्या पायांमधून घुसून पुढे आली आणि ओरडली, "पाय सापडला!"

उमेशनं पट्टी लावली. "सात सेंटिमीटर." मग खाली बसून तो वहीतल्या प्रत्येक मुलाच्या वाढीतून सात वजा करू लागला. दीड. दोन. दोन. पावणेदोन. एकेक मूल आपापल्या जागी जाऊन बसत होतं. अडतिसावा आकडा झाल्यावर त्यानं पेन ठेवलं.

"सगळ्यांत सात, मावशी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ही जमीन... कुठेच एक दोराही कमी-जास्त नसेल. हातानं?"

देवकीबाई वाकल्या आणि तळहात त्या जमिनीवर ठेवला. सात बायकांनी पाणसळ नाही, पट्टी नाही, नुसत्या नजरेनं आणि चोपण्यानं अख्खी पडवी चार बोटं वर उचलली होती, आणि ती इतकी सारखी उचलली होती की रोज तिच्यावर बसणाऱ्यांनाही कळलं नाही. कळलं ते समुद्रापलीकडच्या कागदाला. दोन्हींपैकी कशाचं नवल जास्त करावं, त्यांना ठरवता येईना.

जानीबाई मात्र खड्ड्याकडे बघत खाली बसली होती.

"म्हंजी पोरं नाय वाढली," ती म्हणाली.

देवकीबाई तिच्याजवळ सरकल्या. "चार बोटं जमीन वाढली. पण त्याच्यावर एक बोट राहतंच ना? ते पोरांचं. तीन महिन्यांत एक बोट वाढणं म्हणजे जगातल्या चांगल्या खाल्ल्या-प्यालेल्या मुलांसारखं वाढणं. ते तुझ्या खिचडीचं, जानीबाय."

जानीबाईनं नवशीला ओढून मांडीवर घेतलं.

"एक बोट पुरे," ती म्हणाली. मग तिनं घाईघाईनं नातीच्या गालावरची तीट बोटानं आणखी काळी केली. "हळू बोल."

६

वही, फोटो आणि खड्ड्यातल्या खुराचं चित्र दहा मार्चला रवाना झालं. उत्तर यायला महिना लागला. तोवर एक एप्रिल येऊन गेला. कल्पितानं स्वतःच्या जबाबदारीवर केंद्र चालू ठेवलं होतं, आणि रोज दार उघडण्याआधी जयश्री जीपच्या वाटेकडे बघून घेत असे.

अभिप्राय आला तो दोन पानांचा. आकडे मान्य, केंद्र चालू, सेविकेची लेखी माफी मागितलेली. पुढे लिहिलं होतं की यापुढे चारही देशांत मोजमापाआधी शंभर सेंटिमीटरची काठी जमिनीवर उभी करून भिंतीवरच्या आकड्याशी ताडून पाहावी. तळाशी सही करणाऱ्या बाईनं हातानं दोन ओळी वाढवल्या होत्या. कल्पितानं त्या वाचून दाखवल्या: 'जमीन उकरू नका. जनावर वर सरकवा. ती जमीन मला आठवते. तिच्यावर बूट घालून पाऊल टाकायला माझं मन झालं नव्हतं.'

ज्या बाईनं खोटं म्हटलं होतं, तीच ती बूट काढणारी.

त्याला आता तीन वर्षं झाली. उमेशची नोकरी पक्की झाली. तो अजूनही थिअरी मांडतो, पण आधी काठी लावतो. रघ्यानं पडवी दिलीच. मुलाचं लग्न अंगणात मांडव घालून केलं, आणि वऱ्हाडाला हौसेनं खड्ड्याची जागा दाखवली. कल्पिता पुण्याच्या मोठ्या कार्यालयात गेली. तिच्या टेबलावर त्या खुराचा फोटो आहे. जयश्रीला जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, तो तिनं पेटीत वहीच्या शेजारी ठेवला. देवकीबाईंचे गुडघे पार गेले. त्या आता ओट्यावरूनच बोंबील राखतात आणि ही गोष्ट आल्या-गेल्याला सांगतात.

जानीबाई दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर गेली. त्याआधी तिनं खड्डा आपल्या हातानं बुजवून, चोपून असा सारखा केला होता की जागा सापडत नाही. पेंटरनं जिराफ चार बोटं वर रंगवला, नवे काळे खूर काढले.

नवशी आता दुसरीत आहे. शाळा सुटली की ती बालवाडीत येते, नव्या पोरांना जिराफापाशी ताठ उभं करते आणि सांगते, या जनावराला आठ खूर असतात. चार दिसतात, आणि चार आजीपाशी असतात.